सिस्टरांचा दुसरा रुमाल

सिस्टरांकडे कायम दोन रुमाल असत. एक घाम पुसायचा, तो कमरेला खोचलेला. दुसरा एसटीत टाकायचा. हा दुसरा पांढरा, निळ्या काठाचा, धुऊन इस्त्री केलेला, आणि पर्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवलेला. त्यानं त्यांनी कधी तोंड पुसलेलं मी पाहिलं नाही.

बोर्ली पंचतनच्या स्टँडवर श्रीवर्धनची गाडी लागली की लोक दाराकडे धावायचे. सिस्टर धावायच्या नाहीत. त्या खिडकीखाली जाऊन उभ्या राहायच्या, छत्रीच्या टोकाला रुमाल अडकवायच्या आणि तो आतल्या दोन माणसांच्या बाकावर अलगद सोडायच्या. मग सगळी गर्दी चढली की शेवटी सावकाश आत यायच्या, खिडकीशी बसायच्या आणि रुमाल शेजारच्या रिकाम्या जागेवर पसरून ठेवायच्या.

"बाई, कोण बसलंय इथं?" कुणीतरी विचारायचंच.

"यायचीय."

"कोण यायचीय?"

"कोनतरी पोटुशी. म्होरं चढंल."

आणि बहुतेक वेळा ती चढायची. मधल्या एखाद्या फाट्यावर एका हातात पिशवी, दुसरा हात कमरेवर अशी एखादी पोर वर यायची, की सिस्टर रुमाल उचलून विचारायच्या, "ये गो. किती म्हयने?" नाही चढली तर ती जागा श्रीवर्धनपर्यंत रिकामी जायची. एकदा एका मोठ्या पुढाऱ्याला त्यांनी अख्खा प्रवास उभं ठेवलं. त्यानं स्वतःचं पद सांगितलं, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता जरा सरकून उभे ऱ्हावा, वारा येत न्हाय."

मीही आठ वर्षं त्यांच्या शेजारी उभा राहूनच प्रवास केला. बाकाच्या दांड्याला धरून, हातात तालुक्याला द्यायच्या फायली घेऊन. शेजारची जागा रिकामी दिसत असताना उभं राहायचं म्हणजे पायांपेक्षा डोक्याला जास्त त्रास होतो. पण त्या बस म्हणायच्या नाहीत आणि आपणहून बसायची माझी छाती नव्हती.

सिस्टर म्हणजे आमच्या आरोग्य केंद्राखालच्या एका उपकेंद्राच्या नर्सबाई. एक गाव आणि भोवतालच्या पाच वाड्या त्यांच्याकडे. मी केंद्रात कॉम्प्युटरवर नोंदी भरणारा, कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस घरी बसायचं, मग पुन्हा अकरा महिने. सिस्टरांनी मला नावानं हाक मारली असं आठवत नाही. त्या मला 'काम्प्युटर' म्हणायच्या. "काम्प्युटर, च्या घेतलास?" "काम्प्युटर, लग्नाचं बघ आता, टक्कल पडाया लागलं." टक्कल पडायला लागलं होतं, हे खरंच होतं. अकरा महिन्यांच्या माणसाला मुलगी कोण देणार, असं मी म्हणालो की त्या म्हणायच्या, "बघ, तू पन मंदीतलाच." आणि हसायच्या.

मंदी हा त्यांचा आवडता विषय होता. नर्सबाईंना मंदीशी काय देणं, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. त्याचं कारण दर मार्चमध्ये कळायचं.

मार्चमध्ये प्रत्येक उपकेंद्रानं पुढच्या वर्षाचा अंदाज द्यायचा असतो. आपल्या भागात किती बाळंतपणं होतील, याचा. त्या आकड्यावर गोळ्या येतात, लसी येतात, नवजात बाळाचं किट येतं. किट म्हणजे एक झबलं, एक दुपटं, टोपी, मोजे आणि एवढीशी मच्छरदाणी. बाकीच्या सगळ्या सिस्टर हा अंदाज माझ्यावर सोडायच्या. गावाची लोकसंख्या टाकायची, वरून आलेला जन्मदर टाकायचा, बटण दाबायचं, झालं. आमच्या सिस्टरांना मी पहिल्या वर्षी असा आकडा काढून दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा वर करून स्क्रीनकडे पाहिलं.

"माझ्या पोरी गुनाकारानं न्हाय व्हत बाळंत," त्या म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं साधं होतं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे कागदावर ज्या सुना गावात राहतात त्या बाळंत व्हायला आपापल्या माहेरी जातात, आणि गावाच्या ज्या लेकी मुंबईला दिल्या, त्या लोकसंख्येत कुठंच नसतात आणि नेमक्या बाळंत व्हायला येतात. "तुझ्या काम्प्युटरात जी हाय ती हितं नसती, आन हितं जी असती ती तुझ्या काम्प्युटरात नसती. मग गुनतोस कोनाला?" मी स्क्रीनवरचा आकडा पुसला.

मग सिस्टर स्वतः मोजायच्या. फेब्रुवारीचा महिनाभर उन्हातून छत्री घेऊन पाचही वाड्या पायी फिरायच्या. स्कूटी घ्या म्हटलं तर म्हणायच्या, स्कूटीवरून पोट दिसत नाही. लांबुडक्या वहीत नावं लिहायच्या. लग्न झालेल्या सुना, बाहेर दिलेल्या लेकी, सगळ्यांची. आणि प्रत्येक नावाच्या आधी एक अक्षर. चा, फ किंवा कौ. चाळ, फ्लॅट आणि कौल. जगातल्या सगळ्या बायकांचे त्यांनी हे तीन भाग केले होते.

चाळवाल्या म्हणजे मुंबईत शिवडी, लालबाग, परळकडे एका खोलीत राहणाऱ्या. फ्लॅटवाल्या म्हणजे पनवेल, खारघर, उलवे अशा बाजूला हप्त्यावर घर घेतलेल्या. कौलवाल्या गावातच राहणाऱ्या, नवरा भात लावणारा नाहीतर मासेमारीला जाणारा. दिवस बरे असले की चाळवाल्या मुंबईतच बाळंत व्हायच्या, नवऱ्याच्या कंपनीच्या विम्याच्या कार्डावर. काम सुटलं, कार्ड गेलं, की त्या एसटीत बसून माहेरी यायच्या. म्हणजे मुंबईत मंदी आली की आमच्या उपकेंद्रात पाळणे वाढायचे. तालुक्याला वाटायचं, गावात जन्म वाढले. सिस्टर म्हणायच्या, "वाढले न्हाय रे. तिकडचे हिकडं आले."

कौलवाल्यांचं वेगळं. त्यांच्याकडे आधीच पगार नसल्यामुळे मंदी एकदम कळायची नाही. पण गावातला पोरगा रोह्याकडे नाहीतर मुंबईला कामाला असायचा, त्याचं काम सुटलं की त्याचं लग्न लांबायचं. आज लांबलेलं लग्न दोन वर्षांनी सिस्टरांच्या वहीत दिसायचं. म्हणून त्या दर मे महिन्यात मंडपवाल्याच्या दुकानात जाऊन बसायच्या आणि त्याला विचारायच्या, "यंदा हळदी किती रे?" मंडपवाला बिचारा घाबरायचा. त्याला वाटायचं, सिस्टर टॅक्सची माहिती काढतायत.

शिमग्यालाही त्यांचं लक्ष असायचं. "शिमग्याला आलेला चाकरमानी पाडव्यापर्यंत परत गेला न्हाय, तर समज काय ते. तिकडं काम ऱ्हायलं न्हाय." रविवारच्या पेपरातली बातमी त्या वाचत नसत, जाहिराती वाचत. फ्लॅटच्या जाहिरातीत कपाटं फुकट, एसी फुकट, सोन्याचं नाणं फुकट असं यायला लागलं की पेपर घडी करून म्हणायच्या, "खपत न्हाईत. फ्लॅटवाल्या थांबनार."

कारण फ्लॅटवाल्या थांबतात, हा त्यांचा सिद्धांत होता. चाळवाली माहेरी येते, कौलवाली उशिरानं येते, पण फ्लॅटवाली येतच नाही. दोघांच्या पगारावर हप्ता चालतो. एक पगार गेला तरी हप्ता जात नाही. "मग ती बोलती, पुढच्या वर्षी. आन पुढच्या वर्षी काय बोलती? पुढच्या वर्षी."

हे सांगताना त्या नेहमी खिडकीबाहेर बघायच्या. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी टाळेबंदी आली. सगळे घरी बसले, तेव्हा आमच्या केंद्रात एकच विनोद चालायचा, की आता नऊ महिन्यांनी बघा कशी रांग लागते. आमच्या डॉक्टरसाहेबांनी तो विनोद मनावर घेतला आणि प्रत्येक उपकेंद्राचा आकडा वाढवून मागा म्हणाले. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. सिस्टर उठल्या.

"साहेब, तुमी घरी बसलात त्यो पगारावर बसलात," त्या म्हणाल्या. "ज्याचा पगार गेलाय त्यो घरात बसून छताकडं बघतो. बायकोकडं न्हाय."

मीटिंगमध्ये कुणी हसलं नाही, कारण कुणाला हसावं की नाही ते कळेना. सिस्टरांनी स्वतःचा अंदाज दिला. आधी वाढ, कारण आधीच दिवस राहिलेल्या मुंबईच्या लेकी टेम्पोतून, मासळीच्या गाडीतून, मिळेल तशा गावी पोचत होत्या. त्यापुढच्या वर्षी घट, कारण लग्नंच झाली नव्हती. तसंच झालं. बाकीच्या उपकेंद्रांत लसीच्या कुप्या मुदत संपून परत गेल्या. आमच्या सिस्टरांची एक कुपी वाया गेली नाही.

आता मला माझी चूक सांगायला हवी. चूक म्हणजे तेव्हा मला ती हुशारी वाटायची.

सिस्टरांचा आकडा इतका नेमका असूनही दर वर्षी एकानं जास्त यायचा. वर्ष संपलं की मी हिशोब लावायचो. कुणी महाडच्या मोठ्या दवाखान्यात गेली, कुणाची सासू आजारी म्हणून आलीच नाही, अशी प्रत्येक फरकाची कारणं सिस्टर धडाधड सांगायच्या. ती सगळी धरली तरी शेवटी एक उरायचा. त्याचं कारण विचारलं की म्हणायच्या, "असू दे. एक इकडं-तिकडं व्हतो." मी विचार केला, प्रत्येकाचं काहीतरी असतं. कुणी चहात साखर चमचाभर जास्त घालतं. ह्या एक बाळ जास्त घालतात. मग मी काय करायला लागलो, तर त्यांनी आकडा दिला की तालुक्याला पाठवताना त्यातून गुपचूप एक वजा करायचो. वर्षाअखेर आकडा बरोबर जुळायचा आणि डॉक्टरसाहेब माझ्या पाठीवर थाप मारायचे. अशी पाच वर्षं मी थाप खाल्ली.

सिस्टरांना एकच मुलगी. मी लागायच्या आदल्या वर्षी तिचं लग्न झालेलं. पनवेलच्या पुढे सातव्या मजल्यावर घर, जावई एका कंपनीत, मुलगी मालवाहतुकीच्या एका ऑफिसात. टाळेबंदीत दोघांचे पगार अर्धे झाले. ते सावरतात तोवर जावयाची कंपनी माणसं कमी करायला लागली, त्यात त्याची नोकरी गेली. त्याला दुसरं काम लागलं, तेव्हा मुलीच्या ऑफिसनं माणसं कमी केली. हे सगळं मला तुकड्या-तुकड्यानं कळलं, कारण मुलीचा फोन आला की सिस्टर फार कमी बोलायच्या. "जेवलीस? बरं. त्यांचं काय झालं? बरं. बरं, पुढच्या वर्षी. बरं." फोन ठेवायच्या आणि पर्समधला निळ्या काठाचा रुमाल काढून पुन्हा नीट घडी करून ठेवायच्या. घडी आधीच नीट असायची.

हीच बाई बाजारात भर गर्दीत अनोळखी सुनेला थांबवून विचारायची, "काय गो, लग्नाला दोन वर्सं झाली ना? काय ठरवलंय? गोळ्या घेतेस का आपलं राम भरोसे?" पोरी लाजायच्या, सासवा चिडायच्या, पण सगळ्या उत्तर द्यायच्या. कारण सिस्टर विचारायच्या ते चौकशी म्हणून नाही, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. नको असेल तिला नको म्हणायला शिकवायच्या. सासूसमोर बोलायची चोरी असेल तर सासूला पाणी आणायला पाठवायच्या. मुलगा झाला म्हणून कुणी पेढे आणले तर विचारायच्या, "मुलगी झाली असती तर काय आनलं असतंस?" समोरचा गडबडला की म्हणायच्या, "मंग तेच आन." एका माणसाला त्यांनी खरोखर परत पाठवलं होतं.

एक गणपतीतली गोष्ट. त्यांची मुलगी आणि जावई गाडीनं आले होते. दुपारी मुलगी उपकेंद्रात आईला डबा द्यायला आली. लसीकरणाचा दिवस होता. पोरांचं वजन करायचा काटा आढ्याला टांगलेला, खाली झोळी. सिस्टर इंजेक्शन देत होत्या आणि मुलगी न सांगताच एकेका बाळाला झोळीत घालून वजन वाचून दाखवत होती. लहानपणापासून पाहिलेलं असल्यामुळे तिचा हात सराईत होता. मी समोर बसून नोंद करत होतो. तेवढ्यात नातवाला घेऊन आलेली एक बाई मुलीला म्हणाली, "तुजं काय गो? सात वर्सं व्हतील आता."

मुलीनं बाळ झोळीतून उचललं आणि त्याच्या आईकडे दिलं.

सिस्टर तिथून कडाडल्या, "तिचं तिला ठाव! तू तुजा नातू बघ."

ती बाईही काही कमी नव्हती. "वा गो शिस्टरबाय! आमाला भर बाजारात इचारतेस तवा?"

सिस्टर वळल्या आणि पुढच्या बाळाच्या मांडीवर कापूस घासत राहिल्या, जरुरीपेक्षा बराच वेळ. मुलगीच शेवटी म्हणाली, "आई, पुरे. लाल झालंय."

त्या गणपतीच्या आधीच, मार्चमध्ये, मला ती वही बघायला मिळाली होती. सिस्टर तापानं पडल्या होत्या. आकडा पाठवायची शेवटची तारीख, म्हणून मीच त्यांच्या घरी गेलो. सिस्टर आतल्या खोलीत गाढ झोपलेल्या. त्यांचे यजमान अंगणात नारळ सोलत होते. त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि चहा टाकायला आत गेले. मी पडवीत बसून नावं मोजायला लागलो. चा, कौ, कौ, फ, चा. सगळ्यांत शेवटच्या ओळीत अक्षर होतं फ, आणि नावाच्या जागी नुसतं 'आमची'.

मी मागचं पान उलटलं. मागच्या वर्षाची यादी. शेवटची ओळ, फ, आमची. त्याच्या मागच्या वर्षी, फ, आमची. अशी मी पहिल्या वर्षापर्यंत गेलो. प्रत्येक वर्षी ती यादीच्या शेवटी होती, त्याच अक्षरात, त्याच जागी. मुलगी फोनवर पुढच्या वर्षी म्हणायची आणि आई पुढच्या वर्षाच्या यादीत तिला घालायची. एवढंच होतं ते. आणि मी पाच वर्षं बटण दाबून नेमकी तीच ओळ कापत होतो आणि वर शाबासकी घेत होतो.

चहा आला. तो मी कसा प्यायलो मला माहीत नाही. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. जन्माला न आलेल्या पोराचं झबलं मी काढून घेतल्यासारखं वाटलं. त्या वर्षी मी आकडा होता तसा पाठवला.

वर्षअखेर तो एकानं चुकला. तालुक्यानं मला कारण विचारलं. मी लिहिलं, नोंद करणाऱ्याची चूक. डॉक्टरसाहेबांनी त्या वर्षी पाठीवर थाप मारली नाही.

सिस्टरांनी मात्र मे महिन्यातच किटं मोजून घेतली होती. मोजून झाल्यावर माझ्याकडे बघत म्हणाल्या, "या वर्सी बरोबर आली रे." बाकीची किटं वाटली गेली. एक त्यांनी उपकेंद्राच्या लोखंडी कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. वर जुना पेपर झाकलेला. मी कधीही गेलो की माझी नजर तिकडे जायची.

पुढच्या मार्चमध्ये मी आकडा घ्यायला उपकेंद्रात गेलो. मी वही मागितली. त्यांनी ती पुढे केली. शेवटची ओळ एका कौलवाल्या सुनेची होती. त्याखाली कोरी जागा. मी वर बघितलं, तर त्या खिडकीबाहेर वाळत घातलेल्या मच्छरदाण्या बघत होत्या. काही वेळानं त्यांनी गोळ्या काढायला कपाट उघडलं, तर वरच्या फळीवर नुसता पेपर होता.

"किट?" मी म्हणालो.

"शिवडीवरनं एक पोर आलीय. नवऱ्याचं काम सुटलंय. पहिलटकरीन, आन सोबत दुपटं पन न्हाय. दिलं तिला."

त्यापुढचं वर्ष सिस्टरांचं नोकरीतलं शेवटचं. वर्षभर त्यांनी तेच केलं, जे आधी करायच्या. छत्री, पाच वाड्या, किती म्हयने, मंडपवाला. मार्चअखेर हिशोब लावला, तर आकडा तंतोतंत जुळला. ना एक कमी, ना एक जास्त. मी काही वजा केलेलं नव्हतं.

तालुक्याला निरोपाची मीटिंग झाली. तालुक्याच्या साहेबांनी भाषणात सांगितलं की इतका अचूक अंदाज त्यांनी कधी पाहिला नाही, अनुभवानं माणूस कुठं पोचतो बघा. टाळ्या झाल्या. शाल दिली, नारळ दिला. सिस्टरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उठल्या, माइककडे पाहिलं, "गोळ्या येळेवर पाठवत जा," एवढंच म्हणाल्या आणि बसल्या.

परतीला श्रीवर्धनच्या स्टँडवर बोर्लीची गाडी लागली. सिस्टर नेहमीसारख्या खिडकीखाली गेल्या. छत्री, रुमाल, बाक. नेहमीसारख्या शेवटी चढल्या. शाल मांडीवर, नारळ पिशवीत, शेजारी निळ्या काठाचा रुमाल. मी दांड्याला धरून उभा. गाडी सुटली तसं माझ्यानं राहवेना.

"सिस्टर, एक सांगायचंय. पाच वर्षं मी तुमच्या आकड्यातून एक कापत होतो."

"म्हायती हाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"किट एक कमी यायचं ना रे. मला मोजाया येतं." त्या रागावलेल्या नव्हत्या. "तुजं बरोबर व्हतं. माजंच चुकत व्हतं."

मग गाडीच्या खडखडाटात, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं. ती बाई भर लसीकरणात बोलली त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सगळ्या गावच्या पोरींना विचारते आणि घरच्या पोरीला विचारायची भीती वाटते, ही कसली सिस्टर, असं त्यांना वाटलं. गणपती बोळवून झाल्यावर मुलगी निघताना गाडीत सामान ठेवत होती, तेव्हा त्यांनी विचारलं. जसं कुणालाही विचारतात तसं. काय गो, काय ठरवलंय?

"काय म्हणाली?"

"बोलली, आई, नको ठरवलंय आमी. चार वर्सं झाली. तुला सांगायचा धीर व्हत नव्हता, म्हनून पुढच्या वर्सी, पुढच्या वर्सी बोलत व्हते." सिस्टरांनी कमरेचा रुमाल काढून कपाळ पुसलं. "म्हंजे ती माज्यासाठी बोलत व्हती, आन मी तिच्यासाठी लिवत व्हते."

"पण आता तर दोघांनाही नोकरी आहे ना? मंदी तर गेली."

"मंदी गेली रे. ती जाईपर्यंत हौस बसून ऱ्हाती व्हय?" नारळाची पिशवी पायाशी सरकवून म्हणाल्या, "सुखी हायत पन. मी डोळ्यांनी बघितलं. दोघं चांगले हायत. मीच येडी, जागा धरून बसले."

"रडलात?"

"रडले तर. दोघी रडलो. मग ती बोलली, भूक लागली. मग भाजलेले बोंबील खाल्ले, चार-चार."

गाडी एका फाट्यावर थांबली. एक माणूस चढला, गर्दीतून आत सरकला आणि रिकामी जागा बघून त्यानं विचारलं, "बाई, कोण बसलंय इथं?"

सवयीनं मीच म्हणालो, "यायचीय."

"न्हाय," सिस्टर म्हणाल्या. "कोन यायची न्हाय."

त्यांनी रुमाल उचलला. चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवला. त्या माणसाला हातानं थांबवलं आणि मला म्हणाल्या, "बस रे काम्प्युटर. आठ वर्सं उबा हायस."

मी बसलो. त्या बाकावरून बाहेरचं सगळं वेगळं दिसत होतं, सुरूची झाडं, मधेच समुद्र. मला वाटतं त्या प्रवासात मला पहिल्यांदाच रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी फायली चाळत होतो.

पुढच्या स्टॉपवर एक पोर चढली. हातात तपासणीचे कागद, पोट चांगलं पुढे आलेलं, घामानं केस कपाळाला चिकटलेले. मी तिला बघितलं आणि सिस्टरांनी काही म्हणायच्या आत उठलो.

"ये गो," सिस्टर सरकल्या. "किती म्हयने?"

"सातवा."

"माहेरी आलीस? सासर कुठं?"

"उलव्याला."

"चाळ का फ्लॅट?"

पोरगी दमलेली होती तरी हसली. "फ्लॅट. हप्ता हाय अजून वीस वर्सं."

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून निळ्या काठाचा रुमाल काढला, घडी मोडली आणि तिच्या हातात दिला.

"घाम पूस गो आधी," त्या म्हणाल्या. "आन ऱ्हाऊ दे तुज्याकडंच."